पुस्तक कशासाठी आणि पुस्तक कोठून?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपणांसमोर आम्ही जो विषय मांडणार आहोत, तो प्रथमदर्शनी वकिलांचा वाटेल. कॉपीराइट म्हणजे लेखकाचा स्वामित्व हक्क. तो हक्क न दुखावता दुसऱ्याच्या लिखाणाचा रास्त वापर किती करता येतो, हा तो विषय. परंतु ज्याच्या मोबाईलमध्ये एकही पीडीएफ पुस्तक नाही असा विद्यार्थी आज या सभागृहात शोधून काढणे अवघड आहे. ते पुस्तक मुळात कोणी विकत घेतले, कोणी स्कॅन केले, कोणी पुढे धाडले, याचा पत्ता बहुधा कोणालाच नसतो. म्हणून विषय वकिलांचा असला तरी प्रश्न आपला आहे.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि त्या नेहमी एकमेकींत मिसळल्या जातात. पुस्तकाचे आपण काय करतो, ही एक. पुस्तक आपल्या हाती कसे आले, ही दुसरी. पहिली चांगली असली म्हणजे दुसरी आपोआप माफ होते, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. "शिकण्यासाठीच तर घेतले, धंदा थोडाच केला?" हे वाक्य सर्वांच्या परिचयाचे आहे. २०२५ साली अमेरिकेतील एका न्यायालयाने नेमका हाच समज तपासून पाहिला. तेव्हा आधी तिकडे जाऊ आणि मग घरी येऊ.

अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात १०७ क्रमांकाचे कलम आहे. त्यात रास्त वापराच्या चार कसोट्या दिल्या आहेत. वापर कशासाठी व कोणत्या स्वरूपाचा, मूळ कृती कोणत्या प्रकारची, तिच्यातला किती भाग घेतला, आणि त्या वापरामुळे मूळ कृतीच्या विक्रीवर काय परिणाम होतो. या कसोट्या एकाएकी जन्मल्या नाहीत. १८४१ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चरित्र लिहिणाऱ्या एका लेखकाने दुसऱ्याने संपादित केलेल्या संग्रहातून ३५३ पाने जशीच्या तशी उचलली होती. त्या खटल्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी जे निकष सांगितले, त्यांचेच पुढे कलम झाले. मात्र या चारही कसोट्यांत, पुस्तक हाती कसे आले याबद्दल एक अक्षर नाही.

कायद्यात अक्षर नसले तरी न्यायाधीशांच्या मनात तो प्रश्न होता. १९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या आठवणींचा खटला आला. पुस्तक अजून छापून यायचे होते. 'टाइम' साप्ताहिकाने त्यातला काही भाग आधी छापण्यासाठी प्रकाशकाशी पैशाचा करार केला होता. तेवढ्यात 'द नेशन' या नियतकालिकाच्या हाती हस्तलिखित परवानगीशिवाय आले आणि त्यांनी त्यातील सुमारे ३०० शब्द घेऊन लेख छापला. 'टाइम'ने आपला करार मोडला. ३०० शब्द म्हणजे पाऊण पानही नाही. तरीही न्यायालयाने तो वापर रास्त मानला नाही, आणि हस्तलिखित कोणत्या मार्गाने आले याची दखल घेतली. म्हणजे आजच्या वादाचे बीज इंटरनेटच्याही आधीचे आहे.

आता २०२५ चा खटला. अँथ्रोपिक नावाची सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी आहे. संगणकाला माणसासारखे लिहायला-बोलायला शिकवणारे तंत्र, ज्याला आता सगळे एआय म्हणतात, ते ही कंपनी तयार करते. असे यंत्र शिकवायला अफाट मजकूर लागतो आणि चांगला, नीटनेटका, संपादित मजकूर पुस्तकांतच सापडतो. कंपनीने तो कसा जमवला, हे न्यायालयाच्या कागदपत्रांतून बाहेर आले. २०२१ च्या सुरुवातीला 'बुक्स थ्री' नावाचा सुमारे १,९६,००० पुस्तकांचा चोरटा संच उतरवून घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये 'लायब्ररी जेनेसिस' या चोरट्या भांडारातून किमान ५० लाख प्रती आणि २०२२ च्या जुलैमध्ये 'पायरेट लायब्ररी मिरर' या दुसऱ्या भांडारातून किमान २० लाख प्रती घेतल्या. पुढे कंपनीने मार्ग बदलला. लाखो छापील पुस्तके पैसे देऊन विकत घेतली, त्यांची बांधणी सोडवली, पाने कापली, स्कॅन केली आणि कागद टाकून दिला. पुस्तकाला पाय लागला तर त्याला हात लावून नमस्कार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून कसेसेच होते. पण कायद्याच्या दृष्टीने यंत्राने पोखरलेली ही विकतची पुस्तकेच निर्दोष ठरली.

आंद्रिया बार्ट्झ, चार्ल्स ग्रेबर आणि कर्क वॉलेस जॉन्सन या तीन लेखकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दावा लावला. २३ जून २०२५ रोजी न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी जो आदेश दिला, त्याचे महत्त्व असे की, त्यांनी प्रश्नाचे तुकडे केले. पुस्तके वाचवून यंत्राला शिकवणे हा वापर मूळ पुस्तकाहून अगदी वेगळ्या हेतूचा आहे, म्हणून तो रास्त. विकत घेतलेल्या पुस्तकाची कागदी प्रत नष्ट करून तिच्या जागी संगणकीय प्रत ठेवणे हेही रास्त; कारण प्रत एकाची दोन झाली नाही आणि ती बाहेर कोणाला वाटली नाही. परंतु चोरट्या भांडारांतून लाखो पुस्तके उतरवून आपले कायमचे ग्रंथालय उभारणे रास्त नव्हे. त्यातली काही पुस्तके शिकवण्यासाठी वापरायची नाहीत असे ठरल्यावरही कंपनीने ती ठेवून दिली होती, ही गोष्ट न्यायाधीशांना खटकली. तेच पुस्तक नंतर विकत घेतले म्हणून आधीची चोरी धुऊन निघत नाही; फार तर नुकसानभरपाईचा आकडा कमी-जास्त होईल, असेही त्यांनी सांगितले.

पुढे काय झाले तेही ऐका. अमेरिकेच्या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला दर कृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई ठोठावता येते. पुस्तके लाखांनी असल्यावर हा गुणाकार कोठे जाईल हे सांगायला गणिताची पदवी लागत नाही. कंपनीने तडजोड केली. रक्कम ठरली १.५ अब्ज डॉलर, म्हणजे सुमारे ४,८२,००० पुस्तकांना प्रत्येकी अंदाजे ३,००० डॉलर. चोरट्या भांडारांतून घेतलेल्या प्रती नष्ट करण्याचेही ठरले. २५ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायाधीशांनी या तडजोडीला प्राथमिक मंजुरी दिली.

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. प्रती ७० लाखांच्या वर आणि भरपाई पावणेपाच लाखांच्या आसपास पुस्तकांना, हे कसे? एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती होत्या हे एक कारण. दुसरे कारण अटींचे. पुस्तकाला आयएसबीएन किंवा तत्सम क्रमांक हवा आणि अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात ठराविक मुदतीत त्याची नोंद झालेली हवी. भारतात स्वामित्व हक्कासाठी नोंदणीची सक्ती नाही. लेखकाने लिहिले की हक्क जन्मतो. त्यामुळे अमेरिकेत नोंद करण्याचा विचार मराठी लेखकाच्या स्वप्नातही येत नाही. परिणामी जगातील ज्या लेखकांची पुस्तके त्या भांडारांत होती पण नोंदवहीत नव्हती, त्यांच्या हाती या प्रचंड रकमेतून छदामही पडत नाही. हक्क असणे आणि हक्क वसूल करता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवायला नको.

अल्सप यांचा निकाल म्हणजे शेवटचा शब्द, असे मात्र कोणी समजू नये. त्यानंतर दोनच दिवसांनी, २५ जून २०२५ रोजी, त्याच न्यायालयातील दुसरे न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी मेटा कंपनीविरुद्धच्या खटल्यात निराळा सूर लावला. मेटानेही चोरट्या भांडारांतून पुस्तके घेतली होती. छाब्रियांच्या मते उतरवून घेणे ही क्रिया तिच्या अंतिम हेतूपासून तोडून पाहता येत नाही. लेखकांनी विक्रीवरील परिणामाचा पुरेसा पुरावा दिला नाही म्हणून त्यांनी या मुद्द्यावर मेटाच्या बाजूने निकाल दिला. पण पुरावा नीट आला तर अशा अनेक प्रकरणांत कंपन्या हरतील, असेही बजावले. दोन विद्वान न्यायाधीश, एक न्यायालय, एक आठवडा, आणि साधन व साध्य यांच्या नात्याबद्दल दोन मते! आमचा कल अल्सप यांच्याकडे आहे. हेतूच्या मोठेपणावर मार्गाचा खोटेपणा माफ होऊ लागला, तर ज्याचा हेतू सर्वांत मोठा दिसतो तोच सर्वांत मोठी लूट करील.

उलट बाजूही आहे. प्रत सरळ मार्गाने आली म्हणून वाटेल ते करता येते, असेही नाही. 'इंटरनेट आर्काइव्ह' ही ना-नफा संस्था. छापील पुस्तके स्वतःजवळ ठेवून त्यांची स्कॅन केलेली प्रत ती एका वेळी एका वाचकाला उसनी देत असे. २०२० मध्ये करोनाच्या काळात ग्रंथालये बंद पडली, तेव्हा संस्थेने काही आठवडे ही मर्यादाही उठवली. चार मोठ्या प्रकाशकांनी दावा केला. मार्च २०२३ मध्ये संस्था हरली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही हरली. पुस्तके चोरीची नव्हती, नफा नव्हता. तरी संपूर्ण पुस्तक वाचायला देणे म्हणजे विक्रीची जागा घेणे, असे न्यायालयाने धरले. गरीब वाचकाच्या बाजूने पाहता हा निकाल आम्हाला जड वाटतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. आपल्याकडे अमेरिकेसारख्या चार सैल कसोट्या नाहीत. कलम ५२ मध्ये कोणकोणत्या कृत्यांनी हक्कभंग होत नाही याची मोठी यादीच आहे. स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी व संशोधनासाठी, टीका वा परीक्षणासाठी, चालू घडामोडींच्या वृत्तासाठी केलेला उचित व्यवहार, शिक्षकाने वा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत, प्रश्नपत्रिकेतील उतारा, अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात केलेली प्रत, अशी कितीतरी कलमे त्यात आहेत.

यांतील विद्यार्थ्यांचे कलम किती सामर्थ्यवान आहे हे दिल्लीच्या खटल्यात दिसले. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी नावाचे झेरॉक्सचे दुकान होते. अभ्यासक्रमात नेमलेली प्रकरणे ग्रंथालयातील पुस्तकांतून झेरॉक्स करून त्यांची जुडगी विद्यार्थ्यांना माफक दराने मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दुकानावर व विद्यापीठावर दावा लावला. न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नव्हे, समाजात ज्ञान वाढावे म्हणून कायद्याने दिलेला तो हक्क आहे, ही त्यांची भूमिका. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण मूळ तत्त्व कायम ठेवले. किती पाने घेतली याला टक्केवारी नाही. शिकवण्यासाठी जेवढी गरज तेवढी, हेच माप. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. विशेष म्हणजे ज्यांची पुस्तके झेरॉक्स होत होती, अशा अमर्त्य सेन यांच्यासारख्या लेखकांनीच दाव्याला विरोध केला होता.

विद्यार्थी मित्रांनो, हा निकाल तुमचा आहे. पण तो नीट वाचा. तेथे पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात होते. प्रकरण अभ्यासक्रमातले होते. जुडगी नेमक्या विद्यार्थ्यांसाठी होती. अख्खी कादंबरी वा स्पर्धा परीक्षेचे अख्खे मार्गदर्शक पुस्तक स्कॅन करून शेकडो सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे हे यात बसत नाही. ते लोकांपर्यंत पोहोचवणे झाले, आणि तो हक्क हक्कधारकाचाच आहे. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. भीती घालण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. गटाचा चालक बहुधा आपलाच एखादा होतकरू मुलगा असतो आणि त्याला हे ठाऊक नसते, म्हणून सांगतो.

सगळे हक्कधारक एका मापाने मोजावेत असेही आमचे म्हणणे नाही. शास्त्रीय नियतकालिकांचेच पाहा. संशोधन बहुधा सरकारी पैशावर होते. लेख लिहिणाऱ्याला मानधन नाही, तपासणाऱ्यालाही नाही. आणि छापलेला लेख वाचायचा तर प्रकाशकाला मोठी रक्कम मोजावी लागते. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाकियान यांनी २०११ साली 'साय-हब' सुरू करून ही कुलुपे उघडली आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्यांना दुवा दिला. डिसेंबर २०२० मध्ये एल्सव्हिअर, वायली व अमेरिकन केमिकल सोसायटी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने भारतात ते संकेतस्थळ बंद करण्याचा आदेश दिला. दरम्यान केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांतील विद्यार्थी-प्राध्यापकांना वाचायला मिळावीत, अशी ती योजना. आपले महाविद्यालय त्यात आहे की नाही, हे प्रत्येकाने ग्रंथपालांना विचारावे. या मंजुरीत खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयातील मुलगा बाहेर राहिला, आणि आपली पुष्कळ मुले तेथेच शिकतात.

याउलट आपल्या लेखकाची स्थिती पाहा. दीक्षाभूमीवर किंवा सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, त्यांत कित्येक लेखक स्वतःच छापतात, स्वतःच गठ्ठे वाहतात, स्वतःच विकतात. छापलेल्या पाचशे प्रती खपल्या तर पुढचे पुस्तक निघते. अशा पुस्तकाची पीडीएफ फिरू लागली की पहिला घाव बसतो तो एल्सव्हिअरवर नव्हे, या माणसावर. तेथे "ज्ञान सर्वांचे आहे" हे वाक्य उच्चारण्याआधी दहादा विचार करावा.

परमपूज्य बाबासाहेबांच्या ग्रंथांविषयी विद्यार्थी नेहमी विचारतात. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतीवरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. मूळ मुदत ५० वर्षांची होती, १९९२ मध्ये ती वाढवली गेली. महापरिनिर्वाण १९५६ चे. म्हणून हयातीत छापलेले त्यांचे सारे लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले झाले. परंतु निधनानंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाला कलम २४ लागते आणि ६० वर्षे त्या प्रसिद्धीपासून मोजली जातात. 'द बुद्धा अँड हिज धम्म' १९५७ चा, म्हणजे तो २०१८ पासून खुला. महाराष्ट्र शासनाच्या खंडांत १९८७ साली प्रथम प्रकाशात आलेले 'रिडल्स इन हिंदुइझम' मात्र, आमच्या वाचनाप्रमाणे, २०४७ अखेरपर्यंत या कलमात राहते. शिवाय भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा स्वतंत्र असतो. मूळ इंग्रजी खुले झाले म्हणून कालच्या मराठी अनुवादाची पीडीएफ खुली होत नाही. वाचनाची अडचण मात्र कोणालाच नाही. इंग्रजी खंड केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाने आपल्या संकेतस्थळावर ठेवले, तेव्हा अनोळखी भांडारातून अर्धवट स्कॅन उतरवण्याचे कारणच नाही.

शेवटी आपल्या संस्थेच्या ग्रंथालयाचा मुद्दा, कारण कार्यकारिणीने तो मुद्दाम मांडायला सांगितला आहे. 'प्रत कोठून आली' हा प्रश्न अमेरिकेच्या कलमात लिहिलेला नाही. आपल्या कलम ५२ मध्ये ग्रंथालयांपुरता तो सरळ लिहिलेला आहे. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाजवळ पुस्तकाची कागदी प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी त्याची संगणकीय प्रत ठेवता येते. आणि एखादे पुस्तक भारतात विकत मिळतच नसेल, तर ग्रंथालयाच्या उपयोगासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात. चळवळीच्या काळातील जुन्या पुस्तिका, जलशांची पदे, परिषदांचे अहवाल अशा ठिसूळ कागदांना या दोन कलमांचा आधार घेता येईल. मात्र स्कॅन जतनासाठी करायचे आणि मग ते सर्वत्र वाटायचे, हे त्यात बसत नाही.

पुस्तिका पुन्हा छापायची असेल आणि लेखक वा वारस सापडत नसेल, तर कलम ३१-अ प्रमाणे परवान्यासाठी अर्ज करण्याची तरतूद आहे. त्यासाठी आधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. चाळीस पानी मराठी पुस्तिका छापण्यापेक्षा त्या जाहिरातीचाच खर्च जास्त होईल, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. म्हणून अर्जाआधी वारसांचा शोध घेणे हाच स्वस्त मार्ग. जुन्या पुस्तिकांच्या शेवटच्या पानावर मुद्रणालयाचा व प्रकाशकाचा पत्ता असतो, कधी लेखकाचे गाव असते. या सुटीत ज्या विद्यार्थ्यांना वेळ आहे त्यांनी ग्रंथपालांकडून पाच-पाच पुस्तिकांची यादी घ्यावी, त्या पत्त्यांवर जाऊन चौकशी करावी, आणि वारस भेटल्यास त्यांची लेखी संमती आणावी. संमतीपत्राचा नमुना आम्ही कार्यालयात ठेवला आहे.